तांड्याचा फाटा ते विद्यापीठ: तीन सकाळी, तीन गाड्या

धुक्यातून एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यात येऊन उभा राहिला आणि आमच्या नातीची, पायलची, स्कूटी घाटात घसरली. पोरगी खरचटलेलं कोपर घेऊन घरी आली. तिच्या बापानं, म्हणजे आमच्या पोरानं संतोषनं, स्कूटीची किल्ली कपाटात टाकून कुलूप लावलं. जेवताना म्हणाला, "एकटीनं जाणं बंद. सोमवारपर्यंत दुसरी सोय झाली त ठीक, नाई त नाव काढून टाकू कॉलेजातून."

पायल एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. तिनं भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. मला काही पाहवलं नाही. म्हटलं, "संतोष, तीन दिवस दे मले. मी जातो तिच्यासंगं, काय गाडीघोडं भेटते ते पाहून येतो."

आमचा तांडा घाटंजी ते यवतमाळ रस्त्यावरच्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. विद्यापीठाचं आवार शहराच्या अलीकडे. पहिला तास पावणेआठला. ज्यांना असं रोजचं जाणं-येणं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गुरुवारी एसटीनं गेलो. पायलला विद्यार्थ्यांचा पास मिळतो, आणि माझ्या वयाला तिकीट पडत नाही, त्यामुळे स्वस्ताईला तोड नाही. खिडकी मिळाली आणि मी लहान लेकरासारखा काचेला नाक लावून बसलो. सागाची मोठाली पानं दवानं जड होऊन लोंबत होती, आणि वेचणीला आलेला कापूस धुक्यात असा मिसळला होता की शेत कुठं संपतं आणि ढग कुठं सुरू होतात, कळेना. पण गाडी आवारापाशी थांबत नाही. सरळ शहरातल्या स्टँडावर जाते, तिथून ऑटोनं मागं यावं लागतं. पोचलो तेव्हा पहिला तास संपत होता.

शुक्रवारी काळीपिवळी जीप. भाडं एसटीपेक्षा जास्त, मजा त्याहून जास्त. वेचणीला निघालेल्या बाया डबे घेऊन आमच्या अंगावरच बसल्या.

"बुढा कॉलेजात चालला काय व?" एकीनं विचारलं.

"हाव, नाव घालायले चाललो," मी म्हटलं.

"मंग अभ्यास करजा बाप्पा, नाई त मास्तर कान पिळते!"

गाडी हसण्यानं हलली. पण ड्रायव्हर दर फाट्यावर थांबे. "सरका काकाजी, अजून दोन सवाऱ्या बसते!" गाडी भरल्याशिवाय तो हलणार नाही, आणि विद्यापीठाची घंटा त्याच्यासाठी थांबणार नाही. पुन्हा उशीर. 

शनिवारी साडेसहालाच फाट्यावर उभे राहिलो. पावणेसातला एक पांढरी कार आली. पायल म्हणाली, "आबा, ह्या आमच्या ग्रंथालयातल्या वैशालीबाई. घाटंजीहून रोज एकट्याच जातात." मी हात केला. त्या थांबल्या.

आता आमची बंजाऱ्यांची रीत सांगतो. आमचे वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. वाटेत एकटा माणूस दिसला की त्याच्याबरोबर चालायचं आणि त्याला बोलतं ठेवायचं, म्हणजे त्याला वाट जड जात नाही. मी तेच केलं. मालक काय करतात, लेकरं किती, सासू कशी, सगळं विचारलं. माझे गुडघे, तो रोही, तांड्यातली लग्नं, सगळं सांगितलं. पायल मागून पाठीत बोट टोचत होती. मला वाटलं, पोरीला आनंद झाला.

साडेसातला आवारात! पायल पळाली. वैशालीबाई गाडीतच बसून राहिल्या.

"काकाजी, राग मानू नका. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दोन पोरं आहेत, इथं दिवसभर माणसं. हा तासाभराचा रस्ताच काय तो माझा असतो. सोमवारपासून नाही जमणार मला."

मनात म्हटलं, पोरीचं शिक्षण माझ्याच जिभेनं बुडवलं. दुपारपर्यंत निंबाखाली बसून राहिलो. पायल आली, तिला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले, पण रागावली नाही. ग्रंथालयाकडे गेली आणि बऱ्याच वेळानं परतली.

"काय बोलली व तू त्याईले?"

"म्हटलं, मॅडम, स्कूटीवर मलेही कोणाशी बोलणं नसे, म्हणूनच मले तो रस्ता आवडे. आपण दोघी एकट्या-एकट्याच जाऊ, एका गाडीत. पेट्रोलचा वाटा देईन." मग थांबून म्हणाली, "आज घरी सोडते म्हणल्या. पण आबा, तुमी…"

"समजलं."

परतीच्या वाटेवर तोंड शिवल्यासारखा बसलो. पहिले दोन-तीन मैल जीव गुदमरला. मग हळूहळू कान उघडले. चाकांखाली वाळकी पानं चुरत होती. तुरीच्या पिवळ्या फुलांवरून ऊन आमच्यासोबत घरंगळत येत होतं. घाटात दूर चार रोही मान वर करून उभे होते. तिघांनीही पाहिले, कोणी कोणाला दाखवले नाहीत. वाटलं, हा रस्ता मी जन्मभर तुडवला, पण ऐकला आज.

फाट्यावर वैशालीबाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी, पावणेसातला."

घरी संतोषनं विचारलं, "बाई कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हटलं. "बोलत नाई."

त्यानं पायलकडे पाहिलं. ती तीन दिवसांनी पहिल्यांदा हसत होती. "जाऊ दे मंग," तो म्हणाला.

सोमवारी पोचवायला गेलो. कार आली, पायल बसली. सांभाळून जा म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, नुसता हात वर केला. गाडी धुक्यात शिरली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, आपापल्या जागी स्वस्थ. मी कितीतरी वेळ फाट्यावर उभा होतो. बोलायला कोणी नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.