पायऱ्यांचे दगड

इथे आखातात, अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये शेजारच्या व्हिलात एक पोलिश इंजिनिअर राहतो. सकाळी गाडीच्या काचेवरची धूळ पुसताना आमची गाठ पडते. बोलतो मोजकं, आणि कुठलंही वाक्य 'नॉर्मली'ने सुरू करतो. फक्त नदीकाठच्या आपल्या गावाबद्दल, तिथल्या लाकडी चर्चबद्दल आणि होडीच्या धक्क्याबद्दल भरभरून सांगतो.

यंदा सुट्टीवरून आला तेव्हा त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. मी विचारलं, तर म्हणाला, "घराच्या पायऱ्या उखडल्या."

"का?"

"नॉर्मली पायरीचा दगड कोण उलटून बघतं? एक निखळला, तर खालच्या बाजूला हिब्रू अक्षरं. ज्यूंच्या कबरींचे दगड होते ते. युद्धानंतर आजोबांनी उचलून आणलेले. गावात आता एकही ज्यू उरलेला नाही."

ते सगळे दगड धुऊन त्याने नदीकाठच्या जुन्या दफनभूमीत परत नेऊन ठेवले. आजोबांचं नाव घालवलं म्हणून थोरल्या भावाने त्याच्याशी बोलणं सोडलं.

"आणि आई?"

त्याने फडकं झटकलं. "आई आता मागच्या दाराने ये-जा करते. म्हणाली, दगड कुठले ते तिला लहानपणापासून माहीत होतं."