पूजेत बसलेल्या तलवारी

नव्वदच्या दशकात माझं पोस्टिंग देवळालीजवळच्या एका ऑर्डनन्स डेपोत होतं. मी कॅप्टन. काम शस्त्रं तपासण्याचं. जवान मला 'सर' म्हणत, आणि ते ऐकायला मी उगाच एक चक्कर जास्त मारत असे. कडक इस्त्री, काळा गॉगल, चाल अशी की सगळी सीमा माझ्याच भरवशावर उभी आहे. तेव्हाची ती कॅप्टनबाई आज समोर आली तर मी तिला चहा पाजीन आणि पोटभर हसून घेईन.

त्या वर्षी खंडेनवमीला शस्त्रपूजेनंतर शाळेच्या मुलांसमोर तलवारबाजी ठेवली होती. खेळणार होते निफाडचे हवालदार दौलत शिंदे आणि नाईक सावंत. त्यांच्या सरावाच्या तलवारी काळपट होत्या. धार बोथट केलेली, पण पातं अखंड, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि रिव्हेट मारून पक्कं केलेलं.

घोळ असा झाला की कुणीतरी त्याच तलवारी पूजेत मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ चढली. पूजेत बसलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मेजरसाहेबांनी तोडगा काढला. मेसच्या भिंतीवरच्या दोन तलवारी उतरवल्या आणि तपासायला माझ्याकडे पाठवल्या. चकचकीत पाती, मुठीवर वाघाचं तोंड.

तपासायचं सोडून मी ऑफिसचं दार लावलं आणि आरशासमोर पवित्रा घेतला. काय दिसत होते मी! हवेत एक वार केला, आणि मूठ खुळखुळली. वाघाचं तोंड पिळून काढलं. पातं मुठीच्या तोंडाशीच संपलं होतं. त्याला एक बारीक बोल्ट वेल्ड केलेला, बाकी मूठ पोकळ.

मी मैदानावर धावले. मुलं पहिल्या रांगेत जमिनीवर बसली होती.

"सर, या तलवारी चालणार नाहीत."

"धारच नाही त्यांना," मेजरसाहेब म्हणाले. "कापणार काय?"

"कापणार नाहीत. उडतील."

"कॅप्टन, घाबरलात?"

वायरलेस खरखरला. "टायगर गेटमधून आत. ओव्हर." टायगर म्हणजे आमचे सीओ, कमांडिंग ऑफिसर.

वाद घालायला वेळ नव्हता. मैदानाच्या मोकळ्या बाजूला वाळूची पोती रचलेली होती. सगळ्यांना मागे सरकवलं आणि मी पोत्यावर वार केला. मूठ हातात राहिली. पातं गरगरत गेलं आणि सीओंसाठी मांडलेल्या रिकाम्या सोफ्यात उभं रुतलं.

शिंदे हळूच म्हणाले, "सर, सोफा शहीद झाला."

मेजरसाहेब हसले नाहीत. "पंडितजींना बोलवा," एवढंच म्हणाले. पंडितजींनी देवीची क्षमा मागून अक्षता टाकल्या आणि पूजेतल्या तलवारी मोकळ्या केल्या. शिंदे-सावंत असे खेळले की मुलं टाळ्या वाजवायला विसरली. सीओ लाकडी खुर्चीवर बसले.

तुम्हाला एवढंच सांगते. भिंतीवरची तलवार भिंतीवर शोभते. लग्नात नवरदेवाच्या हाती द्या, फोटो काढा, पण फिरवू देऊ नका. धार नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. आणि खेळायची तलवार घेताना तिची चमक नका बघू. पातं मुठीत कुठवर गेलंय ते विचारा. विकणारा गडबडला, तर दुकानातून बाहेर पडा.

शिंदे पुढे काश्मीरला गेले. दोन वर्षांनी त्यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला. जखमी ड्रायव्हरला गाडीतून ओढून काढताना ते गेले. ड्रायव्हर वाचला.

मी निफाडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईने मला बसवलं, पाणी दिलं.

"तुमीच का त्या तलवारीवाल्या मॅडम? दौलत लय हसून सांगायचा."

मी मान हलवली.

"त्याच्या त्या तलवारीचं मला लय भ्या वाटायचं, बाई," त्या म्हणाल्या. "बंदुकीचं कधी वाटलंच नाय."