खजुरीचा नवरा

रावजी देवगडचा, माडावर चढण्यात पटाईत. म्हणूनच १९७६च्या उन्हाळ्यात आखातातल्या सनद गावच्या हाजी मन्सूरनी त्याला आपल्या खजुरीच्या बागेत ठेवून घेतलं. गावच्या गोड्या झऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली ती बाग. मोती काढायला जाणारे गावकरी एके काळी त्याच झऱ्याचं पाणी पखालींत भरून नेत. आता झरा आटत चालला होता आणि शेजारच्या बागांच्या जागी घरं उठत होती. हाजींच्या थोरल्या मुलालाही बाग विकायची होती. म्हातारा एवढंच म्हणे, "झाडं फळतायत तोवर नाही."

थंडीत हाजींनी वठलेली झाडं तोडायला सांगितली. रावजीने ती तोडलीच, शिवाय कोपऱ्यातलं एक धडधाकट झाडही आडवं केलं. उन्हाळ्यात त्याला एकही घड धरला नव्हता. उगाच पाणी पितंय, असं त्याला वाटलं.

हाजी बुंध्यापाशी मटकन बसले. तरुणपणी मुंबईला राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलत. "अरे रावजी, ये तो दूल्हा था!"

खजुरीत नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या फुलोऱ्याच्या काड्या हाताने मादीच्या फुलोऱ्यात बांधाव्या लागतात, तेव्हा खजूर धरतो. बागेत नर तेवढा एकच होता.

रावजीचा गाववाला शंभू पिकअप चालवायचा. त्याने हसत कपाळावर हात मारला. "आमच्या माडाक कधी घोव लागलो काय रे?"

"हसू नको मेल्या. यंदा बाग फळली नाय तर म्हातारो विकतलो. माझ्या पायी!"

फुलोरा आला तसा रावजी दारोदार फिरू लागला. नराचा फुलोरा मागणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही, ही तिथली रीत. लोक देत, पण सोडत नसत. "खुनी आला रे! यल्ला, चल, आता वरात काढ!" रावजी मान खाली घालून हसे आणि फुलोरा उराशी धरून परते. मग एकेका झाडावर चढून काड्या बांधी. काट्यांनी हात सोलवटले, तरी एक झाड त्याने सोडलं नाही.

उन्हाळ्यात घडांनी झाडं लगडली. पहिल्या पिकल्या खजुराच्या टोपल्या हाजींनी फुलोरा देणाऱ्यांच्या घरी धाडल्या, रावजीच्याच डोक्यावरून. थोरला मुलगा बागेत आला, एक खजूर तोंडात टाकून बराच वेळ घोळवत राहिला.

"या वर्षी राहू दे," तो बापाला म्हणाला.

रावजीने टोपली उचलली. अजून चार घरं बाकी होती.