गोलकीचा हंगाम

सत्तरच्या दशकात खोपोलीच्या आमच्या कारखान्याची हॉकीची टीम होती. मी कॉलेजात खेळलेला, म्हणून निवड समितीवर. गोलकीपर कळंबकडचा, खेळाच्या जोरावर नोकरीला लागलेला. सगळे त्याला नुसतं गोलकी म्हणत. मॅचआधी तो गोलसमोर उकिडवा बसून खडे वेचायचा, कारण खड्यावर आपटलेला बॉल कुठे उडेल याचा नेम नसे.

हंगाम संपल्यावर समितीने एकेका खेळाडूला बोलावलं. गोलकीबद्दल चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच. हरलेल्या मॅचमध्येही त्यानेच आमची लाज राखली होती. समितीचे प्रमुख असलेले आमचे साहेब खुशीत म्हणाले, "तूच सांग, कसा झाला हंगाम?"

तो खाली बघत म्हणाला, "वाईट गेला, साहेब. गोल झाला का मला बरं वाटतं. तवर नुसती वाट बगायची, आता येल, मग येल. मला दुसरं कायतरी काम द्या. आता तितं हुबं ऱ्हावत नाय."

सगळे हसले. सगळ्यांना तो त्याचा विनय वाटला. साहेबांनी 'उत्तम' असा शेरा मारला आणि त्याला पुढच्या हंगामासाठी ठेवून घेतलं. त्याची नोकरीच खेळावर होती.

नव्या हंगामात पहिल्याच मॅचला बॉल त्याच्या पायांमधून आत गेला. कडेला सगळ्यांनी कपाळाला हात लावला. त्याने स्टिक खांबाला टेकवली, डोळे मिटले आणि दमून घरी आलेला माणूस भिंतीला टेकतो तसा क्षणभर खांबाला टेकला.

मग शिट्टी वाजली, आणि तो खाली बसून पुन्हा खडे वेचू लागला.