भाव उतरेपर्यंत

पंपांच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे सबुरीराव म्हणत. नाव विक्रेत्यांनी ठेवलं होतं, आणि वैतागून ठेवलं होतं. बेअरिंग असो की तांब्याची तार, ज्या दिवशी भाव कळला त्या दिवशी खरेदी करायची नाही, हा त्याचा बाणा. विक्रेत्याचा फोन वाजायचा आणि सबुरीराव त्याच्याकडे बघत निवांत पेन्सिलीला टोक करत बसायचा. "वाजू दे. तिसऱ्यांदा वाजला की भाव खाली येतो," असं शेजारच्या टेबलाला सांगायचा, आणि विक्रेता खरंच खाली यायचा. मालक खूश होता. असल्या माणसाच्या हाती घरची खरेदी देऊ नये, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घरात तो, त्याची बायको आणि त्याचा थोरला भाऊ. दादा बस चालवायचा. वडील अकाली गेले तेव्हा दादाने शाळा सोडली, आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि धाकट्याला शिकवून टेबल-खुर्चीवर बसवलं. सगळ्या नोकरीत त्याच्या बसला कधी ओरखडा नाही. मग एका तपासणीत डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडून मिटत चालली आहे. आधी बाजूचं दिसेनासं होईल, मधलं सगळ्यात शेवटी. औषध नाही. त्याच दिवशी दादाच्या हातून स्टिअरिंग काढून घेतलं. घरी येऊन तो खिडकीशी बसला तो बसलाच. बोलणं 'हो' आणि 'नको' एवढ्यावर आलं.

त्याचं तोंड उघडलं ते एका कॉम्प्युटरच्या दुकानात. सबुरीराव की-बोर्ड घ्यायला गेला होता, दादा आपला सोबतीला. तिथे गेम खेळायचा कॉम्प्युटर मांडून ठेवला होता. पुढे खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, स्क्रीनवर घाटाचा रस्ता. "मी बसू का जरा?" दादाने विचारलं. बसला, आणि अख्खा घाट उतरून सुखरूप खाली आला. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी जेवताना दादा एकटाच बोलत होता. वळणावर गिअर कधी टाकायचा, मागच्या गाडीला वाट कशी द्यायची. ऐकता ऐकता बायकोला वाढायचं भान राहिलं नाही.

"असा कॉम्प्युटर आपण घरीच जुळवू," सबुरीराव म्हणाला. "सुटे भाग आणून. तयार घेण्यापेक्षा स्वस्त पडतो."

इथेच घात झाला.

एका सेलमध्ये कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय स्वस्तात मिळाला. मग स्टिअरिंग आलं, बाकीचं किडुकमिडुक आलं. खोकी न उघडता कपाटावर चढली. राहिली मोठी स्क्रीन आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र रंगवणारा भाग. सगळ्यात महागडा तोच. "नवीन कार्ड येतंय," त्याने बायकोला समजावलं, "ते आलं की जुन्याचा भाव पडेल." नवीन आलं, जुन्याचा भाव पडला. अजून पडेल म्हणून हा थांबला. मग कुठे काय बिनसलं कुणास ठाऊक, माल मिळेनासा झाला आणि भाव चढायला लागला. आता तर सबुरीराव हट्टालाच पेटला. "कमी भावात नको म्हटलं ते आता जास्त देऊन घ्यायचं? मला काय वेड लागलंय?" रोज सकाळी मोबाइलवर भाव बघायचा, नाक मुरडायचा आणि कामावर जायचा. हा गृहस्थ आपल्या फोनची वाट बघत बसलाय, हे त्या कार्डवाल्यांच्या गावीही नव्हतं.

दादाने एकदाही विचारलं नाही. कपाटाजवळून जाताना फक्त खोक्यांवरून हात फिरवायचा. आधी त्याचा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. मग ताटात कडेला वाढलेलं तसंच राहायला लागलं. सबुरीरावाला हे सगळं दिसत होतं. तरी तो मनाला सांगायचा, एवढा महिना जाऊ दे. असे महिने मोजता मोजता वर्ष झालं.

एका रविवारी सकाळी बायकोने त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, भाऊजींनी आत्ता चहाचा कप हवेत ठेवला. खाली टेबल आहे समजून. पाय भाजला, तरी म्हणतात, काही नाही, निसटला. तुमचा तो भाव गेला चुलीत! आजच्या आज आणा, नाहीतर ती खोकी मी रस्त्यावर भिरकावून देते."

तो पळत सुटला. दुकानदाराने सांगितला तो भाव त्याने निमूट मोजला. "घासाघीस नाही? घरी सगळं बरं आहे ना?" दुकानदाराने घाबरून विचारलं. दुकानातली सगळ्यात मोठी स्क्रीन सबुरीरावाने उचलली. दादाला रस्ता कसा ऐसपैस दिसला पाहिजे.

दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळं जुळवलं. दादा मुठीत स्क्रू घेऊन शेजारी बसला होता. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. इतके दिवस कपाटावर पडून असलेला तो स्वस्तातला पॉवर सप्लाय मुळातच बिघडलेला होता, आणि बदलून द्यायची मुदत केव्हाच संपली होती. कारखान्यात खोकं फोडून माल तपासल्याशिवाय सही न करणारा हा माणूस, घरी मात्र 'सगळं आलं की एकदम उघडू' म्हणत राहिला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. रडकुंडीला येऊन तो पुन्हा धावला आणि मागतील ते देऊन दुसरा घेऊन आला.

संध्याकाळच्या आत स्क्रीन उजळली. तोच घाट. दादा पुढे सरसावला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि त्याचा चेहरा असा उजळला की बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

पहिल्याच वळणावर बस कठड्याला धडकली. दुसऱ्यांदाही तिथेच.

"स्क्रीन फार मोठी आहे रे," दादा म्हणाला. "मला मधला एवढासा तुकडा दिसतोय."

लांबून जास्त दिसेल म्हणून त्याने खुर्ची मागे घेतली. स्टिअरिंगचं स्टूल मागे ओढलं. अजून मागे. शेवटी पाठ भिंतीला टेकली, वायर ताणली गेली, आणि आता रस्ता सगळा दिसत होता, पण इतका बारीक की वळण कुठलं नि दरी कुठली ते कळेना. बस दरीत गेली. पुन्हा सुरू करायचं का, असं स्क्रीनने विचारलं.

"दुकानात घाट चांगला दिसला होता," दादा स्वतःशीच म्हणाला. मग इतके दिवस न विचारलेलं त्याने विचारलं. "आणायला एवढा वेळ का लावलास रे?"

"भाव उतरायची वाट बघत होतो, दादा."

"मग? उतरला का?"

बायकोने मान खाली घातली. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या माणसाला स्वतः खोटं बोलायची सवय नव्हती.

"हो. बराच उतरला."

"वा!" दादा म्हणाला. भाऊ नेमका कुठे उभा आहे ते त्याने मान पूर्ण वळवून शोधलं आणि त्याच्याकडे बघून हसला. "म्हणजे वर्ष अगदीच फुकट नाही गेलं."