सोमवारचं कोरं पाणी

गेल्या सोमवारी तळेगावच्या आमच्या लॅबमध्ये मी एका केळ्याच्या सालीसाठी हटून बसले. लॅबचे प्रमुख सर, माझ्या सीनियर मॅडम, मदतनीस आबा सगळे उभे... आणि मी म्हटलं, ही साल तपासल्याशिवाय मी जागची हलणार नाही.

आधी आमचं काम काय ते सांगते. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते कमी पडायला लागलं की माणसाचे हात थरथरतात, चाल अडखळते. ते अगदी कणभर असलं तरी ओळखता यावं, यासाठी आमचा खटाटोप.

आम्ही नमुन्यावर लेझर टाकतो. विखुरलेल्या प्रकाशात त्या रसायनाची खूण असते, पण इतकी पुसट की दिसतच नाही... म्हणून त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण घालायचे. रसायन कणाला चिकटलं की खूण कित्येक पटींनी ठळक होते आणि स्क्रीनवर एक टोक वर येतं, त्याला आम्ही पीक म्हणतो. (सोनं म्हणून हुरळू नका, ते पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं.)

रोज जेवणानंतर मशीन सुरू केलं की आधी ब्लँक तपासायचं. ब्लँक म्हणजे कोरं पाणी आणि कण, डोपामिनचा थेंबही नाही. ते बनवायचं काम माझं, मशीनवर चढवायचं मॅडमचं.

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी कोऱ्या पाण्यात डोपामिनचं पीक आलं. मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं काय, तर आज डब्यात काय होतं...

सुकट होती. बेडश्याला आमच्या घरी श्रावण सोमवारचा उपास नसतो, आम्ही बौद्ध. मी तसं सांगितलंही. त्यावर मॅडम म्हणाल्या, "नाही गं, तसं काही नाही... पण हात नीट धुतेस ना?"

दुसऱ्या सोमवारी मी दोनदा साबण लावला. पीक पुन्हा हजर. मॅडमनी लॅबच्या वहीत लिहिलं, 'ब्लँक दूषित. कारण : अस्वच्छ हाताळणी.' पुढे माझं नाव. सर म्हणाले, पुढच्या सोमवारी असंच झालं तर हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. दोन वर्षं मी या कामात घातली आहेत.

मी रडले नाही असं लिहिणार होते... पण कामशेत स्टेशनवर उतरल्यावर रडले. घरी पोचेपर्यंत रडू संपलं आणि राग आला. तो रागच कामी आला.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडून तारखा लावल्या. मंगळवार ते शनिवार ब्लँक स्वच्छ. त्या दिवसांतही माझ्या डब्यात कधी अंडं, कधी सुकट, आणि हात तर हेच... मग सोमवारी वेगळं काय होतं?

आमच्या लॅबचे आबा आंदर मावळातले. सगळ्यांचं खाणंपिणं तेच बघतात, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "सोमवारी मॅडमला उपासाची केळी लागत्यात, म्याच आणून देतो. तितं मशीनपाशीच खात्यात. का गं, तुला बी आणू का?"

केळ्यात काय काय असतं ते शोधायला बसले. वाचलं आणि पुन्हा वाचलं. केळ्याच्या सालीत डोपामिन असतं, आणि भरपूर असतं.

तर परवाचा सोमवार. मी ब्लँक बनवलं, मॅडमनी चढवलं, पीक आलं. सर काही बोलायच्या आत मी कचऱ्याच्या डब्यातून साल काढली आणि पाण्यात बुचकळली. दुसऱ्या बाटलीत माझ्या डब्यातली उरलेली सुकट बुचकळली, दोन्हींत कण घातले. म्हटलं, दोन्ही तपासा, आणि सर, तुम्ही स्वतः चढवा. सर म्हणाले वेळ जातोय... म्हटलं, माझी दोन वर्षं जातायत.

सुकटीच्या पाण्यात बाकी काय काय दिसलं, पण ते पीक नाही. सालीच्या पाण्याचं पीक स्क्रीनच्या बाहेर गेलं.

मॅडम हातमोजे घालतात, नाही असं नाही. पण मोजे चढवताना केळं सोललेली बोटं मोज्यांना बाहेरून लागतात, आणि तेच मोजे पुढे बाटलीच्या तोंडाला.

"मला कुठं माहीत होतं गं," मॅडम म्हणाल्या. खरंय, केळ्याचं त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझ्या हातांचं मात्र त्यांना लगेच माहीत होतं.

सर म्हणाले, चला, विषय संपला. मी म्हटलं, नाही सर, वही राहिली. आणि वही मॅडमसमोर उघडून ठेवली. आबा हळूच म्हणाले, "लिवा मॅडम, त्यात काय."

मॅडमनी लिहिलं. माझ्या नावासकट ती ओळ खोडली, खरं कारण लिहिलं, खाली सही केली.

लॅबच्या वहीत खोडायचा एक नियम आहे. गिचमिड करायची नाही, एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. त्यामुळे माझ्या हातांबद्दलची ती ओळ अजून वाचता येते. राहू दे. जो कोणी ती वाचेल, त्याला रेघही दिसेल... आणि ती कोणी मारली, ते खालच्या सहीत दिसेल.