सासऱ्यांची चौकट

देवळाच्या भंडाऱ्याच्या कामवाटपाच्या तक्त्यात मी माझ्या सासऱ्यांच्या नावाची चौकट रंगवली, मग त्याच तक्त्यात वर एक ओळ वाढवली आणि पुन्हा न बघता तो छापायला पाठवून दिला. चूक एवढीच. एवढ्याशा चुकीनं काय होतं, असं मलाही वाटलं होतं.

मी वाशीमला एका कॉलेजात प्रश्नपत्रिका आणि असलीच कागदपत्रं जुळवून देतो. त्यासाठी जी संगणकाची भाषा वापरतो तिच्यात माउस धरून काही रंगवता येत नाही. सगळं लिहून सांगावं लागतं. इथून तक्ता सुरू, रकाने तीन, मधला रुंद, अक्षरं मधोमध, इथं तक्ता संपला. मग कळ दाबायची की पान तयार होऊन पुढ्यात येतं. बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे आणि कामं होताना बघायची, असा थाट. घरात माझा एकही हुकूम चालत नसल्यामुळे या भाषेचं मला जरा जास्तच अप्रूप आहे. माउसनं चौकोन ओढत बसलेला माणूस दिसला की मला तो ताटातलं वरण बोटानं चाटणारा वाटतो.

माझी सासुरवाडी कारंजा तालुक्यात, कामरगावच्या अलीकडचं एक गाव. हिवाळ्यात तिथल्या मारुतीच्या देवळापुढं भंडारा होतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तूप, वरण आणि वांग्याची भाजी. बाकी सगळं ठीक, पण माणूस येतो तो भाजीसाठी. ती ज्या मोठ्या गंजात शिजते त्या गंजाशेजारी भाजी ढवळायचा सराटा घेऊन उभं राहणं हा गावातला मोठा मान. सरपंच दर निवडणुकीला बदलतो, गंजावरचा माणूस बदलत नाही. कैक वर्षं तो मान माझ्या सासऱ्यांकडे होता.

मागच्या वर्षी मात्र घात झाला. भाजी रटरटत असताना सासऱ्यांना फोन आला. ते जरा बाजूला जाऊन बोलले, जरा जास्त बोलले, आणि भाजी खाली लागली. पंगत बसली होती, वाढावीच लागली. लोकांनी देवाचं म्हणून खाल्ली, पण वर्षभर गावात जो भेटेल तो विचारायचा, "काय भाऊ, यंदा भाजीत धूप कोणता टाकान?" सासरे हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

यंदाच्या बैठकीत गंज दुसऱ्याला द्यावा असा सूर निघाला. सगळ्यांच्या नजरा रोडगे भाजणाऱ्या काकांकडे गेल्या. हे काका म्हणजे सासऱ्यांचे जुने वैरी. वैर कशावरून ते दोघांनाही नीट सांगता येत नाही, पण पाळतात मनापासून. शेवटी देवळाच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "एक डाव अजून देऊ. भाजी लागली तं मंग पाहू." म्हणजे सासऱ्यांसाठी हा अखेरचा गंज होता. लागला तर गेला.

योगायोगानं मी तेव्हा तिथंच बसलो होतो. अध्यक्ष म्हणाले, कोणाचं काम कोणतं याचा तक्ता करून देवळाच्या भिंतीवर लावू, म्हणजे ऐन वेळी भांडणं नकोत. आणि गंजावरच्या माणसाच्या नावाला रंग द्या, म्हणजे कोणी पुन्हा विचारणार नाही. कारंज्याच्या दुकानात टाकू, असंही ते म्हणाले. मी मध्येच बोललो. जावयानं सासुरवाडीच्या बैठकीत बोलू नये हे मला कळतं, पण उशिरा कळतं. "कारंज्याले कायले जाता? मी करून देतो. एक नंबर करून देतो."

निघताना सासरे फाटकापर्यंत आले. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जवाई, रंग जरा ठसठशीत द्या."

बस्स. माणूस आयुष्यात एवढंच मागतो.

वाशीमला येऊन मी कामाला लागलो. पहिली ओळ रोडग्यांची, कारण विस्तव आधी पेटतो. दुसरी ओळ भाजीची. मग वरण, पाणी, वाढणं. पहिल्या रकान्यात काम, मधल्यात माणसाचं नाव, तिसऱ्यात हाताखालचे. आता एकट्या चौकटीला रंग द्यायचा तर त्याचे दोन मार्ग. एक म्हणजे त्या नावाजवळच, त्याच चौकटीत हुकूम लिहायचा. मग नाव जिकडे जाईल तिकडे रंगही त्याच्या पाठोपाठ जातो. दुसरा म्हणजे तक्त्याच्या बाहेर वेगळं लिहायचं, की बाबा, दुसरी ओळ, मधला रकाना, तिथं रंग. पहिला मार्ग साधा. म्हणून मी दुसरा घेतला. हुकूम दोन सोडले. एक चौकटीला गडद तांबडा रंग देण्याचा आणि दुसरा, गडद रंगावर काळं अक्षर दिसत नाही म्हणून, तिथली अक्षरं पांढरी करण्याचा. पान उघडलं. सासरे तांबड्या गादीवर बसल्यासारखे झळकत होते.

बायकोला बोलावून दाखवलं. तिनं माझा लिहिलेला मजकूर पाहिला, मग तक्ता पाहिला.

"हे एवढं सारं एक चौकोन रंगवाले?"

"तुले नाही समजायचं."

"माह्या बापाचं नाव हाय त्याच्यात. समजून उमजून करा."

तितक्यात अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, "जवाईबापू, एक राह्यलं. सगळ्यात वर आरती टाका. देवाच्या आधी रोडगे बरे नाई दिसत." मी म्हटलं, हे तर चुटकीसरशी. वर आरतीची ओळ घातली, कळ दाबली, फाइल त्यांच्या मोबाइलवर पाठवली आणि चहा मागवला. चहा मिळाला नाही, पण तो वेगळा विषय.

भंडाऱ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही कारंज्याला आणि तिथून जीपनं गावात पोहोचलो. देवळासमोर वांग्यांचे ढीग पडले होते, बाया चिरायला बसल्या होत्या. भिंतीवर माझा तक्ता होता. त्याच्या खाली रोडगेवाले काका नवीन टोपी घालून, हात कमरेवर ठेवून उभे होते. मला बघून ते हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसले.

"या जवाईबापू! तुमी न्यायाचे मानूस निंगाले राजा! सासऱ्याचं तोंड नाई पाह्यलं."

मी तक्त्याकडे पाहिलं. आरती वर बसली होती. त्यामुळे रोडगे दुसऱ्या ओळीत आले होते आणि भाजी तिसऱ्या. रंग मात्र मी जिथं सांगितला होता तिथंच, दुसऱ्या ओळीत, मधल्या रकान्यात. त्यात पांढऱ्याशुभ्र अक्षरांत काकांचं नाव. त्याच्या खाली भाजीसमोर सासऱ्यांचं नाव साधंच, वरणवाल्यासारखं.

गावात तक्ता कोणी वाचत नाही. रंग बघतात. काकांनी बघितला होता, अध्यक्षांनी बघितला होता आणि समितीनं रातोरात मत बदललं असणार असं समजून सारा गाव गप्प होता. सासऱ्यांनीही बघितला होता. सराटा देवळाच्या पायरीवर ठेवून ते घरी निघून गेले होते.

घरी गेलो तर ते अंगणात बाजेवर बसलेले. दाढी घोटलेली, धोतर धुतलेलं, शेजारी त्यांनी स्वतः कुटून आणलेल्या मसाल्याची पिशवी.

बायको म्हणाली, "बाबा, चूक यांची हाय. समितीची नाई."

सासरे तिच्याकडे बघून बोलले. जावयाला काही सुनवायचं असलं की आमच्याकडे लेकीकडे बघून बोलतात. "तुह्या नवऱ्याले सांग, मले राग नाई आला. लोकाईले नसन पाह्यजे माह्या हातची भाजी, तं नसो."

"मामाजी, रंग तुमालेच देला होता," मी म्हणालो. "वरून आरतीची ओळ आली, सगळे खाली सरकले. रंग नाही सरकला."

"काहून नाई सरकला?"

"मी तो दुसऱ्या ओळीले देला होता."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे रंग मले नवताच देला. जागेले देला होता."

कॉलेजात एवढी वर्षं झाली, हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण कौतुक करायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, आत्ता दुरुस्त करतो. मोबाइलवर फाइल उघडली. अंगणातल्या उन्हात पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं. चाचपडत रंगाचा हुकूम शोधला, दुसरीच्या जागी तिसरी ओळ केली, पान पुन्हा तयार केलं आणि गावातल्या ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानात छापायला पाठवून दिलं. अध्यक्षांना फोन करून खरी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अरे बापा, अन् आमी समजलो तुमच्याच घरात फूट पडली." नवा तक्ता त्यांनी स्वतः नेऊन जुन्यावर चिकटवला.

मी बाजेच्या कोपऱ्यावर टेकलो. पाणी प्यालो. ग्लास खाली ठेवला न ठेवला तोच फाटक धाडकन उघडलं आणि काका आत आले. टोपी हातात होती.

"कुठी हाय तो तुहा जवाई?" मी समोरच बसलो होतो, पण ते सासऱ्यांना विचारत होते. "रंग काढून घेतला, घे बापा, तुहा गंज तुले लखलाभ. पण माह्यं नाव कायले काढलं? वीस गावचे लोक येऊन राह्यले, रोडग्यापुढं कोरा कागद! मी मेलो का?"

मला तेव्हा आठवलं. हुकूम दोन होते. रंगाचा मी बदलला होता. अक्षरं पांढरी करण्याचा तसाच दुसऱ्या ओळीवर राहून गेला होता. काकांच्या चौकटीतला तांबडा रंग गेला होता आणि पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत काकांचं नाव अगदी व्यवस्थित छापलं होतं.

"काका, नाव हाय तिथं," मी म्हणालो. "फकस्त दिसत नाही."

असं बोलायला नको होतं. काकांनी हातातली टोपी माझ्या दिशेनं अशी झटकली की मी बाजेवरून उठलोच.

"थांब," सासरे म्हणाले. "तुहं नाव मी काढलं असं वाटते तुले? चाल, मले दाखव."

दोघं पुढं, मी मागं, माझ्या मागं बायको. देवळापाशी सासरे तक्त्यापुढं उभे राहिले. काकांनी मोकळ्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे पाह्य. हाय का काही?"

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. "नाई बाप्पा. आन् माह्यं कुठी हाय?"

उरलेली अर्धी चूक मला तेव्हा दिसली. तिसऱ्या ओळीतली चौकट ठसठशीत तांबडी होती, हवी तशी, पण तिथली अक्षरं काळीच राहिली होती. गडद तांबड्यावर काळं. नुसता एक तांबडा ठोकळा दिसत होता.

काका नाक भिंतीला लागेपर्यंत पुढं वाकले. सासरेही वाकले. दोन म्हातारे तक्ता हुंगत असल्यासारखे दिसत होते.

"हे 'शि' दिसून राह्यलं का?" काका म्हणाले.

"माह्या नावात 'शि' कुठी हाय?"

"मंग हे काय हाय?"

"मले का विचारतं? मी छापलं का?"

भाजी चिरणाऱ्या बायांपैकी एकीला आधी हसू फुटलं. मग काकांना. सासरे हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. ते म्हणाले, "तुले पांढऱ्यात गाडलं, मले तांबड्यात. बरोबर वाटणी केली."

काकांनी तक्त्याच्या एका कोपऱ्यात नख घातलं आणि दोन्ही थर एकदम सोलून काढले. मी "अहो काका" म्हणेपर्यंत त्याची गुंडाळी झाली होती आणि ती गोवऱ्यांच्या खाली गेली होती. विस्तव लगेच पेटला. चांगल्या जाडीचा कागद होता.

"वांगे काळे पडून राह्यले," सासरे म्हणाले आणि पायरीवरचा सराटा उचलला.

"उचल, उचल. पण फोन माह्यापाशी दे."

सासऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग सदऱ्यातून फोन काढून वैऱ्याच्या हातात दिला. त्यानंतर दुपारपर्यंत ते गंजाजवळून हलले नाहीत. धुरानं डोळे लाल झाले, कोणी पाणी आणून दिलं तर सराटा न सोडता डाव्या हातानं प्यायले. मध्येच वाकून गंजाच्या तळाशी सराटा फिरवायचे आणि कान लावल्यासारखे थांबायचे. काका रोडगे उलटताना तिथूनच ओरडायचे, "खाली पाह्य, खाली!" आणि सासरे ओरडायचे, "तू तुहे रोडगे पाह्य!"

भाजी लागली नाही. मी चव घेतली म्हणून नव्हे, मला कोणी चव घेऊ दिलीच नाही. पहिल्या पंगतीत अध्यक्ष बसले होते. त्यांनी रोडगा कुस्करला, भाजी ओतून घेतली, खाल्ली. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा पत्रावळ पुढं केली तेव्हा नुसती मान हलवून म्हणाले, "पुढल्या साली बैठकीचं काम नाई." सासऱ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत झालंय, आपणही हातभार लावावा. दुसरी पंगत बसत होती. मी बाह्या सरसावल्या, भाजीची बादली उचलली आणि म्हणालो, "मामाजी, मी वाढतो."

सासऱ्यांनी या वेळी लेकीकडे पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं आणि बादली काढून घेतली.

"तुमी बसा जवाई. तुमी एक काम केलं का आमाले दोन करा लागतात."